छातीभर पाणी

नवा जिल्हा झाला तेव्हा कचेऱ्यांना इमारती पुरेनात, आणि भाड्याने ज्या मिळाल्या त्यांना जिने फार होते. चार वर्षे लोटली तरी टंचाई कक्ष एका जुन्या आडत दुकानाच्या माडीवरच होता. खाली तुरीच्या पोत्यांचा वास, मधे एकतीस पायऱ्यांचा उभा जिना आणि वर पंख्याखाली फडफडणारे कागद. या जिन्याने दिवसातून दहा-पंधरा वेळा टपाल वर-खाली करण्याचे काम सरजाबाईकडे होते. नवरा निवृत्ती शिपाई होता. तो नोकरीत असतानाच वारला आणि त्याच्या जागेवर तिला घेतले, त्याला आता आठ वर्षे होत आली होती. वय चौपन्न. मुलगी लता नांदेडला अध्यापिका विद्यालयात शिकत होती आणि तिचे एक वर्ष उरले होते.

गुडघ्यांचे दुखणे तीन वर्षांचे होते. आधी फक्त उतरताना कळ यायची, मग चढतानाही येऊ लागली. अलीकडे सकाळी उठल्यावर दोन्ही पाय लाकडासारखे ताठ असत आणि चूल पेटवून होईपर्यंत ते वाकत नसत. जिन्यात ती भिंतीला हात लावून एकेक पायरी दोन्ही पायांनी चढे. भिंतीचा चुना तिच्या हाताच्या उंचीवर काळा पडला होता.

हेडक्लार्क विरूपाक्ष भाऊसाहेब स्वभावाने वाईट नव्हते. दुष्काळाच्या कामाने त्यांचे डोके उठले होते, एवढेच.

"सरजाबाई, सकाळी दिलेलं टपाल दुपारी साहेबांच्या टेबलावर येतंय. मधल्या वेळात ते मुंबईला जाऊन येतं का?"

"मी न्हाई उशीर करत भाऊसाहेब. गुडघे करतेत."

"मग मेमो गुडघ्यांच्या नावानं काढू?"

सगळे हसले. सरजाबाईही हसली. पण एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात खरोखरच कागद निघाला, आणि तो तिच्याच नावाचा होता. बारा मे रोजी वैद्यकीय मंडळापुढे हजर राहून कामास योग्य असल्याचा दाखला आणावा. विरूपाक्ष भाऊसाहेबांनी तो स्वतः तिच्या हातात दिला आणि नजर चुकवून म्हणाले, "वरून विचारणा झाली, बाई. मी लिहिलं नसतं तर दुसऱ्यानं लिहिलं असतं."

"अन् दाखला न्हाई मिळाला तर?"

"तर सेवा संपते. आणि बाई, तुमची दहा वर्षं भरलेली नाहीत. दहाच्या आत पेन्शन बसत नाही."

तिने कागद घडी करून पदराच्या गाठीत बांधला. म्हणजे सगळा प्रश्न दोन वर्षांचा होता. दोन वर्षे हा जिना चढता आला, तर लता मास्तरीण होईल आणि म्हातारपणी तिच्या तोंडाकडे पाहावे लागणार नाही.

सरकारी दवाखान्यात कसरतीच्या बाई म्हणून सगळे ज्यांना ओळखत, त्या चंद्रप्रभाताई मुंबईहून शिकून आलेल्या होत्या. त्यांची खोली औषधांच्या खोक्यांमागे, एका पडद्याआड होती. त्यांनी सरजाबाईचे गुडघे हातात धरून वाकवले, कान लावल्यासारखे लक्ष देऊन आतली कुरकुर तपासली आणि एक्सरे खिडकीशी धरला.

"मावशी, हाडांच्या टोकांवर एक गुळगुळीत थर असतो. तो झिजलाय. गेलेला थर परत येत नाही, हे मी तुम्हाला आधीच सांगते."

"मग इथं कशाला बसवलं मला?"

"कारण मांडीचे स्नायू परत येतात. ते मजबूत झाले की गुडघ्याचा भार ते घेतात. आणि तुमच्या मांड्या बघा, नुसत्या सैल पडल्यात."

गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची आणि दहा अंक मोजायचे. पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा. बाजेच्या काठावर बसून, हातांचा आधार न घेता उठायचे आणि सावकाश बसायचे. हे सगळे दिवसातून तीन वेळा. सरजाबाईने ते करून पाहिले आणि तिसऱ्या वेळी तिच्या कपाळावर घाम आला.

"पाच आठवड्यांत हुईल का ताई?"

चंद्रप्रभाताईंनी एक्सरे पाकिटात घातला. "जमिनीवरच्या व्यायामाला वेळ लागतो. सोबत पाण्यातला मिळाला असता तर दुखणं लवकर हटलं असतं. छातीपर्यंत पाण्यात उभं राहिलं, की गुडघ्यावर अंगाचा जेमतेम चौथा हिस्सा भार येतो. जे पाय बाहेर चालू देत नाहीत, ते पाण्यात चालतात."

सरजाबाईला हसू फुटले. "पाण्यात? ताई, आमच्या वस्तीत टँकर पाच दिवसांला येतंय. चार घागरी मिळत्यात. त्यात छाती कशी बुडवू?"

दुसऱ्या दिवशी मात्र ताईंनी तिला आपल्या चुलत्यांच्या मळ्यावर नेले. रेणुकादास वकील गावाबाहेर लिंबाची बाग राखून होते आणि बागेत पायऱ्यांची जुनी विहीर होती. ताईंनी सारे सांगितले, तेव्हा वकिलांनी चष्म्यावरून सरजाबाईकडे पाहिले आणि म्हणाले, "बागेचं पाणी आहे. पिण्याचं नाही ना. येऊ देत त्यांना."

पिण्याचे नाही, या शब्दांचा अर्थ सरजाबाईला कळला. तिने तो मनात ठेवला आणि चप्पल काढली.

सात पायऱ्या कोरड्या होत्या, आठवी ओली. पायऱ्या हातभर रुंद आणि दोन माणसे आडवी झोपतील एवढ्या लांब होत्या. कडीला बांधलेला दोर धरून ती एकेक पायरी खाली गेली. पाणी घोट्यांना लागले, गुडघ्यांना लागले, कमरेला लागले, आणि छातीला लागले तसा तिचा श्वास अडकला. चाकूरकडच्या तिच्या माहेरी अशीच बारव होती. लहानपणी त्यांच्या वस्तीला घागरी घेऊन बारवेच्या काठापासून दूर बसावे लागे. कुणाला दया आली की तो वरून ओती. पुढे छप्पन साली वस्तीने धम्म घेतला, स्वतःचा आड खणला. पण आडात पोहरा उतरतो, माणूस उतरत नाही. पाण्याने असे चारी बाजूंनी धरणे तिला ठाऊकच नव्हते.

"आता चाला," वरून ताई म्हणाल्या. "पायरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. आडवं पाऊल."

ती चालली. एक पाऊल, दुसरे, तिसरे. कळ येईल म्हणून तिने दात आवळून धरले होते. टोकाला पोचली तरी कळ आली नाही. तिने गुडघा वर घेतला. तो तिला न विचारता पोटापर्यंत आला.

बागेची राखण करणारी गुरम्मा काठावर बसून पाहत होती. "अक्का, म्हशीगत डुंबून राहिलीस की गं! दूध किती देतीस?"

"तुझ्या मालकाला इचार," सरजाबाई म्हणाली, आणि स्वतःच्याच आवाजातली मोकळीक ऐकून दचकली.

रोज पहाटे ती जाऊ लागली. ताईंनी पहिले चार दिवस सोबत केली, पुढे गुरम्मा काठावर बसे. ओले लुगडे गुरम्माच्या खोपीत बदलून ती पिशवीत घाली आणि वस्तीत शिरण्याआधी केस पदराखाली नीट झाकून घेई. कुणी विचारले नसते असे नाही. पण ज्या वस्तीत आंघोळ आठवड्यातून एकदा होत होती, तिथे हे सांगायला तिची जीभ रेटेना. शेजारच्या नागुबाईलाही तिने सांगितले नाही. नागुबाई साठीची होती. नाल्याच्या कोरड्या पात्रात खणलेल्या झिऱ्यावर ती रोज जायची, वाटीवाटीने घागर भरायची आणि स्वतःच्या दोन खेपांनंतर तिसरी सरजाबाईसाठी करायची.

"तू सायबाच्या हपिसात, अन् मी तुझा पाणक्या," ती घागर उतरवताना म्हणे. "माझे गुडघे काय सरकारी हायेत का? ते बी वाजतेतच की."

तीन आठवड्यांनी सरजाबाई एकतीस पायऱ्या मधे एकदाच थांबून चढली. विरूपाक्ष भाऊसाहेबांनी पेन खाली ठेवून पाहिले. "काय बाई, कुठला वैद्य गाठला?" ते खुश झाले होते, ते खोटे नव्हते. त्या दिवशी तिने लताला पोस्टकार्ड लिहिले. अक्षरे तिला वस्तीतल्या रात्रीच्या शाळेने शिकवली होती आणि ती अजूनही घागरीसारखी एकेक ठेवावी लागत. पाय बरे हायेत, काळजी करू नको, एवढेच लिहिले.

पण दुष्काळ विहिरीतही उतरला होता. सात कोरड्या पायऱ्यांच्या अकरा झाल्या, मग पंधरा. पाणी छातीएवढे हवे तर त्याच्या मागे खाली जावे लागे, आणि परत तेवढेच चढावे लागे. अठरा कोरड्या पायऱ्या झाल्या त्या दिवशी ताईंनी तिचा उजवा गुडघा दाबून पाहिला. तो गरम होता.

"मावशी, आता विहीर बंद करा. पायरी उतरताना गुडघ्यावर अंगाच्या तिप्पट-चौपट भार पडतो. पाणी तुम्हाला जेवढं देतंय, त्याहून जास्त या पायऱ्या काढून घेतायत. घरी टॉवेलचा व्यायाम वाढवा."

"पाण्यात दुखत न्हाई ताई."

"पाण्यात नाही दुखणार. बाहेर आल्यावर दुखेल."

सरजाबाईने मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा गेली. ताई शिकलेल्या होत्या, त्यांचे खोटे नव्हते, हे तिला कळत होते. पण टॉवेलावर पाय दाबताना तिला आपण म्हातारी होत चाललो आहोत असे वाटे, आणि पाण्यात तसे वाटत नसे.

मेच्या दोन तारखेला टपालाच्या गठ्ठ्यात एक लखोटा आला. पत्त्यावर रेणुकादास वकिलांचे नाव होते. कार्यालयीन प्रत उघडी होती आणि ती तिनेच नोंदीसाठी द्यायची होती. तिने जिन्याच्या वळणावर उभे राहून ती अक्षर अक्षर लावत वाचली. लिंबाच्या बागेतली विहीर पिण्याच्या पाण्यासाठी अधिग्रहित करण्यात येत आहे. आदेश बजावल्या तारखेपासून विहिरीतून अन्य कोणताही उपसा वा वापर करता येणार नाही. सदर विहिरीतून रोज दोन टँकर भरून पुढील वस्तीस देण्यात यावेत. पुढे विहारामागच्या वस्तीचे नाव होते. तिची वस्ती.

बारा तारखेला दहा दिवस होते.

टपाल बजावण्याची रीत तिला पाठ होती. आदेश मालकाच्या हातात पडून वहीत सही झाली, की तो लागू. घर बंद असले तर शिपायाने तसा शेरा लिहून लखोटा परत आणायचा, तीन-चार दिवसांनी पुन्हा जायचे. दुसऱ्या खेपेलाही मालक भेटला नाही, तर तिसऱ्या खेपेला दोन पंच घेऊन दारावर चिकटवायचा. टंचाईच्या दिवसांत शेकडो लखोटे जात. शेरा खरा की खोटा हे पाहायला कुणी येत नसे. शिपायाच्या शब्दावर कचेरी चालत होती, आणि आठ वर्षांत तिचा एकही शब्द खोटा पडला नव्हता.

तिने वहीत लिहिले, घर बंद. अक्षर नेहमीसारखेच उमटले, याचेच तिला नवल वाटले. दहा दिवसच, ती स्वतःशी म्हणाली. वस्तीला टँकर पाच दिवसांनी येतोच आहे. दहा दिवस लोक काढतील. त्यांनी बहात्तर साल काढले आहे.

सहा तारखेला दुसरा शेरा पडला, मालक परगावी. त्या सकाळीही वकील बागेत कोट घालून फिरत होते आणि त्यांनी तिला विचारले होते, "काय सरजाबाई, पाय काय म्हणतात?"

पाय सुजले होते. एकवीस पायऱ्या खाली, एकवीस वर. पाण्यात अर्धा तास ती पोरीसारखी चाले आणि वर येताना बसत, रांगत, दोर ओढत येई. शेवटच्या पायरीवर गुरम्मा तिला काखेत हात घालून उभी करी. "अक्का, पुरे की गं," ती म्हणू लागली होती. आता तिची थट्टा थांबली होती.

नऊ तारखेला उशीर झाला. लुगडे नीट पिळायलाही वेळ मिळाला नाही; तसेच पिशवीत कोंबून सरजाबाई वस्तीत आली तर नागुबाईच्या दारात माणसे जमली होती. नागुबाईची सून पार्वतीबाई उंबऱ्यात डोक्याला हात लावून बसली होती.

"काय झालं गं?"

"झिऱ्यात पडल्या सासूबाई. पाणी लई खाली गेलंय. उतरून वाटी घालावी लागते. गुडघा मुडपला अन् घागरीसकट खाली. खुब्याचं हाड मोडलं म्हणत्यात. गाडीवर टाकून दवाखान्यात नेलं." तिने डोळे पुसले. "दोन खेपा झालत्या, मावशी. तिसरी तुमची व्हती."

पार्वतीबाईची नजर खाली गेली. पिशवीच्या बुडातून पाणी टपकत होते आणि तिच्या पायांपाशी मातीत एक काळा गोल वाढत होता.

"धुणं कुठं धुतलं मावशी?"

"ताईंकडं," सरजाबाई म्हणाली. "दवाखान्याच्या."

पार्वतीबाईने मान हलवली. तिला शंका आली नव्हती. पाण्याची जागा कळली तर आपणही जावे, एवढाच तिचा विचार होता.

दहा तारखेला सकाळी सरजाबाईने लखोटा वकिलांच्या हातात दिला. त्यांनी तो वाचला, वहीत सही केली आणि म्हणाले, "अहो, मी तर आठ दिवस वाट पाहतोय. वर्तमानपत्रात यादी आली होती. म्हटलं, सरकारी काम, होईल सावकाश. तुम्ही आधी सांगितलं असतंत तर मी आदेशाविनाच टँकर भरू दिला असता."

ती विहिरीकडे न पाहता परत फिरली. दुपारी पहिला टँकर बागेत शिरला. संध्याकाळी वस्तीत रांग लागली, भांडण झाले नाही. सगळ्यांना सहा-सहा घागरी मिळाल्या. लोक टँकरच्या पाण्याची चव पाहून म्हणत होते, गोड आहे, इतकं गोड पाणी गावात होतं कुठं?

बारा तारखेला वैद्यकीय मंडळाच्या डॉक्टरांनी तिला खाली बसायला सांगितले. ती बसली. उठायला सांगितले, तेव्हा तिने टेबलाचा पाय धरला. मग दवाखान्याचा जिना. ती सहा पायऱ्या चढली. सातव्या पायरीवर उजवा गुडघा आत वळला आणि ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली. डॉक्टर तरुण होते. "पुरे, आजी," ते म्हणाले आणि लिहू लागले. चंद्रप्रभाताई बाजूलाच होत्या. त्यांनी तिचे गुडघे पाहिले आणि त्यांना कळले.

"तुम्ही विहिरीवर जात राहिलात."

"हाव."

"मावशी, तीन आठवड्यांत तुम्ही जे कमावलं होतं ना, तेवढ्यावर दाखला मिळाला असता. घरी बसून नुसता पाय उचलला असता, तरी." ताई वळल्या आणि आपल्या पडद्याआड गेल्या.

बायकांचा वॉर्ड तळमजल्यावरच होता. नागुबाईच्या पायाला दोरीने विटा टांगल्या होत्या आणि ती छताकडे पाहत पडली होती. सरजाबाई खाटेशेजारी फरशीवर बसली.

"मिळाला का गं दाखला?"

"न्हाई."

"अगं माय," नागुबाई म्हणाली. "मग लताचं कसं?"

त्या प्रश्नाने सरजाबाईच्या आतले काहीतरी सुटले. तिने सगळे सांगितले. वकिलांची विहीर, दोर, छातीभर पाणी. मग लखोटा आणि वहीतले दोन शेरे. काही झाकले नाही, आणि रडलीही नाही. बाजूच्या खाटेवरची बाई कूस बदलून झोपली.

नागुबाईने टांगलेल्या पायाकडे पाहिले. मग तिने विचारले, "पाण्यात खरंच दुखत न्हाई?"

"न्हाई."

"अजाबात?"

"अजाबात न्हाई. पाय आपले हायेत असं वाटतच न्हाई. पोरीच्या वयातले वाटत्यात."

"अन् लखोटा किती दिवस ठेवलास?"

"आठ."

नागुबाईने डोळे मिटले. तिचे ओठ हलत होते. ती आठ दिवस मोजत होती की आणखी काही, ते कळत नव्हते. "मला एक डाव तरी न्यायचंस," ती शेवटी म्हणाली. "माझे बी वाजतेतच की गं." आणि तिने तोंड भिंतीकडे वळवले.

सरजाबाईने उठायचे ठरवले. डाव्या हाताने तिने खाटेचा पाय धरला, पण जोर लावला तसे टांगलेल्या विटा हलल्या आणि नागुबाई कण्हली. सरजाबाईने हात लगेच सोडला. दुसरे धरायला जवळ काही नव्हते. ती फरशीवर पाय पसरून तशीच बसून राहिली, वॉर्डची आया येईपर्यंत.